अडवलेली होडी

तांडेलकाका गाडीत चढले की आधी सगळ्यांना खाली बसवत. खडोलीला जाणारा टेम्पो असो नाहीतर लग्नाच्या वऱ्हाडाचा ट्रक, "खाली बसा, बेसी जाव, बैठ जाओ," असं तिन्ही भाषांत सांगून झालं आणि शेवटचा माणूस टेकला, की मगच ते ड्रायव्हरला हात करत. आवाज मोठा नसायचा, पण त्यात असं काही होतं की माणसं निमूट बसत. मी तेव्हा अलिबागकडून सिल्वासाच्या शाळेत शिक्षक म्हणून नुकताच आलो होतो. मला त्यांचं हे वागणं पाहून हसू यायचं.

चाळीत आमच्या खोल्या शेजारी शेजारी होत्या. काका डहाणूच्या किनाऱ्यावरचे. वीस वर्षं मालवाहू जहाजांवर खलाशी म्हणून काढून आता खडोलीच्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळत होते. काकू गावी असत. सुट्टीच्या आदल्या दिवशी काका जायचे आणि येताना माझ्यासाठी सुके बोंबील आणायचे. उंच, वाकलेले, कानांवर पांढरे केस. समुद्राविषयी मात्र आपणहून कधी बोलत नसत.

एकदा सकाळी ओट्यावर मी पेपर वाचत होतो. लढाईला कंटाळून देश सोडून निघालेल्या माणसांची बोट बुडाल्याची बातमी होती. मी तावातावाने म्हणालो, "याला एकच उपाय. आरमार उभं करायचं. किनारा सोडू द्यायचा नाही, आणि ऐकलं नाही तर बोटी जाळायच्या. बोटच नसेल तर बुडणार कोण?"

काकांनी चहाची बशी खाली ठेवली. "गुरुजी, बोट अडवतात ती कशी, पाहिलंय तुम्ही?"

"नाही."

"मी पाहिलंय."

मग ते सांगत गेले. परमुलखाचा समुद्र, भर दुपार. लाकडी बोट, तिच्यात माणसं इतकी की आत लाकूड दिसत नव्हतं. एक लढाऊ जहाज आलं आणि तिच्यासमोर आडवं झालं. कर्ण्यावरून हुकूम सुटला. बोटीतल्या माणसांना भाषा कळली नाही, बंदुका दिसल्या. ती सगळी एकदम दुसऱ्या बाजूला सरकली.

"बस. तेवढंच," काका म्हणाले. "गोळी नाही, टक्कर नाही. बोट पालथी. आमच्या कप्तानाने होडी सोडली, तिच्यात मी होतो. जेवढे हाताला लागले तेवढे काढले. त्या लढाऊ जहाजावरची पोरंही उड्या टाकत होती. त्यांनीच पाडलं आणि त्यांनीच काढलं. त्यातला एक पोरगा माझ्यासमोर रडत होता, गुरुजी. अंगावर वर्दी होती."

"पण मग सोडून द्यायचं? बोटीत माणसं कोंबणाऱ्या दलालांना कोण धरणार?"

"धरा की. जमिनीवर धरा. पाण्यात माणसं असतात, दलाल नसतो." मग ते म्हणाले, "लढाऊ जहाज फार कामाची वस्तू आहे. पण अडवायला पाठवताय की काढायला, ते बंदरात ठरवून पाठवा."

मला ते पटलं नाही. अडवल्याशिवाय माणूस ऐकत नाही, असं मी शाळेत रोज पाहत होतो.

पुढच्या पावसाळ्यात दमणगंगा नदी चढली. कारखान्यांतली बरीच खानदेशी माणसं स्वस्त खोल्यांसाठी पलीकडच्या वस्तीत राहत. पुलावरून वळसा घालून यायचं तर कामाची पाळी चुकायची, म्हणून ती होडीतून येत. त्यांतली एक होडी उलटून दोघे गेले. लगेच होड्यांवर बंदी आली आणि काठावर हत्यारी बंदोबस्त बसला. एक मोटारबोटही आली. सगळीकडे समाधान झालं. मलाही झालं. माणसं मात्र यायची थांबली नाहीत. वरच्या अंगाला, जिथे नदी वळते आणि पाणी ओढ घेतं, तिथून ती येऊ लागली.

त्या दिवसांत मतदार यादीच्या कामासाठी मला पलीकडच्या वस्तीत जावं लागलं. जाताना पुलावरून गेलो. त्या दिवशी काकाही तिथे एका आजारी कामगाराला पाहायला आले होते. परतताना पाऊस सुरू झाला आणि दुपारच्या पाळीची माणसं होडीकडे निघाली होती. काकांनी होडी पाहिली, माणसं पाहिली आणि म्हणाले, "गुरुजी, तुम्ही पुलावरून जा."

मी ऐकलं नाही. पावसात एवढा वळसा नको म्हणून होडीत चढलो. शेवटी "या माणसांना कोणीतरी बसवायला हवं," असं म्हणत तेही चढले आणि नावाड्याजवळ बसले.

माझ्या शेजारी भिकन नावाचा तिशीचा कामगार होता, धुळ्याकडचा. मी होडीची कड घट्ट धरलेली पाहून त्याने माझ्या हातावर हात ठेवला. "घाबरू नका मास्तर. आमनं तं रोजनंच शे."

अर्ध्या पाण्यात आम्हाला मोटारबोटीचा आवाज ऐकू आला. शिट्टी वाजली. बोट वेगाने आमच्यावर आली आणि तिच्या लाटेने होडी डुलायला लागली. पुढे एक तरुण शिपाई बंदूक घेऊन उभा होता. "वापस लो," असं तो ओरडत होता. प्रवाहात होडी मागे फिरवता येत नाही, हे त्याला कुठून माहीत असणार?

"कोणी उठू नका," काका म्हणाले. मग बोटीकडे वळून त्यांनी दोन्ही हात वर केले. "इंजिन बंद करो, साहब. लहर आती है."

इंजिनाच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेलं नसावं. शिपायाने हवेत गोळी झाडली.

नंतरचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. होडी कलली, माझ्या तोंडात पाणी गेलं, मग ती कशीबशी सावरली. काका सगळ्यांना खाली दाबत होते आणि नावाडी बांबू पुढे करून ओरडत होता. तिघे पाण्यात होते. दोघांनी बांबू धरला. भिकन माझ्यापासून हातभर अंतरावर होता, मग दोन हातांवर, मग दिसला नाही. शिपायाने बंदूक टाकली होती आणि तो बोटीची कड धरून खाली बसला होता. त्याला पोहता येत नव्हतं, हे आम्हाला मागाहून कळलं.

भिकन दुसऱ्या दिवशी खालच्या बंधाऱ्याशी सापडला.

चौकशी झाली. काका साहेबांसमोर उभे राहिले आणि त्यांनी शिट्टी, लाट, गोळी सगळं क्रमाने सांगितलं. शिपायाला काय शिक्षा व्हावी असं विचारलं, तेव्हा म्हणाले, "तोही घाबरला होता साहेब. त्याला नका धरू. ज्याने त्याला फक्त अडवायला सांगून पाठवलं, त्याला विचारा. आणि ती बोट इथेच आहे, तर तिच्यातूनच माणसं ने-आण करा ना." साहेबांनी ते लिहून घेतलं. आठवड्याभरात तसा हुकूम निघाला. उरलेला पावसाळा मोटारबोट पाळीच्या वेळी फेऱ्या मारत राहिली आणि आणखी कोणी गेलं नाही. बंदोबस्त तोच होता, फक्त बंदुकांशिवाय; माणसंही तीच.

मी मात्र नदीकाठी जायचं सोडलं. वर्गात पोरांनी बाक आपटला तरी मी दचकून उभा राहायचो. जी गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती, ती आतून पोखरत होती.

तीन वर्षांनी काका आजारी होऊन डहाणूला परतले. मी भेटायला गेलो तेव्हा ते खाटेवर पडून होते. काकू आत गेल्या तशी मी म्हणालो, "काका, त्या दिवशी गोळी वाजल्यावर आधी मी उठलो. मी मोटारबोटीपासून दूर, दुसऱ्या बाजूला धावलो, म्हणून होडी कलली."

"मी पाहिलं होतं," ते म्हणाले.

काका धाप लागत लागत, एकेक शब्द टाकत बोलले, "तुमच्या मागून सगळेच उठले. घाबरलेला माणूस उठतोच, गुरुजी."

"मग चौकशीत सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर साहेबांनी काय लिहिलं असतं? माणसं उठली, म्हणून बुडाली. मग बंदूक कागदावरून निघून गेली असती. आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा काठावर आली असती."