आसेगावचा खड्डा आणि मधुकरराव

मधुकररावांची नि माझी पहिली भेट अणुभट्टीच्या दारात झाली. नोकरीचा पहिलाच दिवस होता. घाबरून बोलताना तोंडातून ‘मला’ऐवजी वऱ्हाडी ‘मले’ निघालं आणि सर थबकले. "काहून रे, कुठला तू?" मंगरूळपीर म्हणताच हसले, "मी आसेगावचा. चाल, आधी जेव." डब्यातली अर्धी भाकरी त्यांनी माझ्यापुढे ठेवली.

अणुकचऱ्यातले काही घटक हजारो वर्षं धोकादायक राहतात. ते वेगळे काढून संशोधन-भट्टीत न्यूट्रॉनांच्या माऱ्याखाली ठेवायचे आणि किरणोत्सर्ग लवकर ओसरणाऱ्या पदार्थांत बदलायचे, या प्रयोगांत सरांनी उमेदीची वर्षं घातली. नमुना बाहेर आला की आम्ही "जमलं!" म्हणून नाचायचो. सर दटावायचे, "उरलं किती, ते आधी सांगा."

याच सवयीनं गेल्या वर्षी माझा जीव टांगणीला लावला. सर कायमचे गावी परतले, घर बांधायला घेतलं. पावसाचं पाणी साठवायला खोल खड्डा खणून आतून सिमेंट केलं. झालं! अणुवाल्यांनी कचरा पुरायला खड्डा केला, अशी गावभर बोंब उठली. मी भेटायला गेलो तेव्हा लोक खड्ड्याभोवती जमले होते, मजूर काम टाकून बसले होते. सर्वांपुढे सरांच्या चुलत वहिनी, शेवंताबाई.

"भाऊजी, तुमी तं कचरा संपवता म्हणे. मंग सांगा सगळ्यायले, संपला म्हणून!"

मी सरांच्या कानाशी लागलो, "सर, हो म्हणून टाका." तेवढ्यावर घर उभं राहणार होतं.

"नाही वहिनी. काही भाग कमी होते, सारा संपत नाही. उरलेला जपून ठेवा लागते. पण इथं नाही. हा खड्डा पाण्याचा हाय."

एकच गलका झाला. कुणी तरी फावडं उचललं, "बुजवा रे!" खरं सांगतो, त्या क्षणी मला सरांचा रागच आला.

शेवंताबाईंनी हात वर केला. "याचं पाणी तुमी पेसान?"

"रोज. माह्या घरचंच तं पाणी हाय."

शेवंताबाई लोकांकडे वळल्या, "बुजवू नोका रे. ज्याले खोटं बोलून सुटता येत होतं, तो बोलला नाही." आणि सरांना म्हणाल्या, "पण लवकर मरू नोका, भाऊजी. उद्या कोणी खरंच कचरा आणला, तं खरं सांगायले आमाले कोण हाय?"

सर, आज आपली पंचाहत्तरी. ठणठणीत राहा, शंभरी गाठा. शुभेच्छा आम्हा शिष्यांच्या आहेत. हुकूम वहिनींचा आहे.