परड्यात पुरलेली बरणी

अक्का, तू हुपरीतच दिलेली, म्हणून गाव सोडताना कसं होतं ते तुला ठाऊक नाही. कोल्हापूरची गाडी सुटायला आली तेव्हा आईनं खिडकीतून शेवयांचा डबा आत सारला आणि माझ्या कानाशी म्हणाली, "त्येच्या हातचं पाणी सुदीक पारखून पी. काय वावगं दिसलं तर मुकाट्यानं घरला ये." जन्मभर चांदीच्या पैंजणांना डाग देत, त्यांचे सांधे जोडत बसलेली बाई. चांदीसुद्धा कसाला लावल्याशिवाय तिला पटायची नाही, मग कोरियाहून परतलेला जावई कसा पटावा?

लग्नाला जेमतेम महिना झाला होता, तेव्हा हे पलटणीच्या दवाखान्याबरोबर तिकडच्या लढाईत गेले. ती वर्षं मी आईपाशीच काढली. परतले ते अबोल होऊनच. कोल्हापुरात एका डॉक्टरांकडे कंपाउंडर लागले, दोन खोल्या घेतल्या, मागं हातभर परडं. मी त्यांना चेहऱ्यानं ओळखत होते, एवढंच. माझी पेटी मी कॉटखाली भरलेलीच ठेवली. हा माणूस माझा उरलाय की तिकडं कुणाचा झालाय हे कळेपर्यंत एक लुगडं बाहेर काढायचं नाही, असं ठरवलं होतं. आईचीच लेक मी!

एका रविवारी नळावरून घागर घेऊन आले, तर हे परड्यात खड्डा बुजवत होते. मला बघून चपापले. "काय न्हाय, खत घालतोय," म्हणाले. खत! परड्यात झाड एक नाही आणि खत कशाला घालताय, बाबा?

सोमवारी हे ड्यूटीवर गेल्यावर मी खुरपं घेतलं. एकटीची छाती होईना, म्हणून शेजारच्या काकूंना हाक मारली. मातीतून बरणी निघाली, तोंडाला फडकं बांधलेली. आत लालभडक काहीतरी, आंबूस, लसणाचा आणि सुकटीचा उग्र वास. कोबीच होता तो, पण इतका बारीक चिरलेला की मुंगीनं उचलून न्यावा. काकू दोन पावलं मागं सरल्या. "अगं बया! करणी हाय ही. तिकडल्या कुठल्या सटवीनं शिकवून धाडलंय त्येला!"

माझ्या मनात होतं तेच त्यांच्या तोंडून आलं. हळदकुंकू वाहून आम्ही ती बरणी पंचगंगेत सोडली आणि मागं वळून न बघता घरी आलो.

संध्याकाळी हे रिकाम्या खड्ड्याशी उकिडवे बसले होते. मी दारात, कमरेवर हात ठेवून उभी. "कोण हाय ती?"

"म्हातारी हाय," हे म्हणाले. "तिकडं दवाखान्यात कपडे धुवायची. मला ताप आलता, पोटात अन्न ठरंना. तिनं तिच्या बरणीतल्या कोबीचा रस्सा करून पाजला, म्हणून उठलो."

"तर! म्हातारीच असणार की! मग बरणी चोरून का पुरली?"

"गार मातीत चांगलं मुरतं. आन् वासानं तू पळून जाशील म्हणून बोललो न्हाय. तुझी पेटी रोज दिसतीया मला."

पेटीचं ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण संशय काही हलला नाही. म्हटलं, माझ्यासमोर करून दाखवा.

दुसऱ्या दिवशी यांनी कोबी आणला आणि विळीवर बसले. मी समोर पाट टाकून, डोळ्यांत तेल घालून. हे आपले चिरतायत, चिरतायत. मी वैतागले. "अवो, एवढं बारीक कशाला? कोण बाळ जेवायचंय?"

हे मान वर न करता म्हणाले, "तिला दात न्हवतं. एकबी न्हवता. तिनं शिकवलं तसंच चिरतोय."

एवढंच म्हणाले. मला पटवायला नव्हे, हात चालवता चालवता. अक्का, माझ्या डोळ्यांपुढं ती बरणी आली. त्यातला भुगा केलेला कोबी आधी माझ्याच बोटांनी चिवडून पाहिला होता. बोळक्या तोंडाची बाई नवरा पळवणारी सटवी असेल, हे काही मला पटेना. त्या म्हातारीनं माझा नवरा जगवला होता आणि मी तिची आठवण नदीत सोडून आले होते. मला हुंदकाच फुटला.

कोबी मिठात दडपून धुतला, लसूण, आलं, तिखट, सुकट चोळून बरणीत भरला. चार दिवसांनी आंबूस झाल्यावर यांनी स्टोव्ह पेटवला. तेलात तो कोबी परतला, पाणी ओतलं, उकळी फुटली तशा आईच्या शेवया आत. खिरीच्या शेवया तिखटात! मी कपाळावर हात मारून घेतला. वर अंडं फोडलं, दहा मिनिटांत झालं. "आधी तुम्ही खा," मी म्हणाले. सवय जाते होय? यांनी खाल्लं, मग मी. नाकातून पाणी आलं, तरी दोनदा वाढून घेतलं. जेवल्यावर पेटी ओढली आणि लुगडी फळीवर रचली.

पुढं आई आली. दारातच नाक आक्रसून म्हणाली, "कसला वास ह्यो?" मग हळूच, "पेटी भरू का?" मी त्याच रश्श्याची वाटी पुढं केली. आधी जावयानं घोट घेतलेला तिनं नीट पाहिला, मग स्वतः घेतला. वाटी रिकामी करूनच खाली ठेवली.

आता परड्यात दोन बरण्या असतात. काकूही वाटी घेऊन येतात, करणीचं नाव काढत नाहीत.

त्या खेपेला परतीच्या गाडीत बसल्यावर आई खिडकीतून म्हणाली, "पुढल्या खेपंला शेवया जरा जाड वळून धाडती. तुमच्या त्या आंबट पाण्यात बारीक शेवया विरघळत्यात." 'तुमच्या' म्हणाली. त्या दिवसापर्यंत मी हुपरीला घर म्हणत होते, अक्का. तेव्हापासून माहेर म्हणते.