काकांना विमानतळावर सोडून आलो

आमच्या देवळीत कुणी विमानात बसणार म्हणजे अर्ध्या गावानं त्याला पोहोचवायला जायचंच, असा तेव्हा कायदाच होता. सत्तरच्या त्या दशकात माझे काका दिल्लीला निघाले, तेव्हा आम्ही तीस जण कापसाच्या ट्रकमधून नागपूरच्या विमानतळावर उतरलो. काका आत गेले. थोड्याच वेळात एक करडं विमान घरघरत आकाशात चढलं. आम्ही हात हलवले, नारळ फोडला आणि काकूंनी तर असा टाहो फोडला की दारावरचा पहारेकरी दचकला. त्याच धावपट्टीवरून फौजेचीही विमानं उडतात, एवढी क्षुल्लक माहिती आमच्यातल्या एकाही शहाण्याला नव्हती. कुण्या अनोळखी जवानांना डोळे भरून निरोप देऊन आम्ही मोठ्या समाधानानं घरी परतलो.

आठवड्यानं काका आले. म्हणाले, "माह्यं विमान तर तासाभरानं होतं. मी काचेमागून तुमचा तमाशा पाहून राह्यलो होतो."

"मंग काच काऊन नाई ठोकली?" काकू कडाडल्या.

"ठोकणारच होतो. पण लग्नाले वीस वर्षं झाली, तुले माह्यासाठी रडताना पह्यल्यांदाच पाह्यलं. म्हटलं, पाहून घ्यावं."