अकरा वर्षं दारात

बुलावायो शहरातल्या पुमुला वस्तीत माझं केस कापायचं दुकान आहे. दुकानाच्या भिंतीला लागूनच हॉल, आणि त्या हॉलात मुलांचं ‘एम्फाफेनी’ मंडळ चालतं. नाच, नाटक, ढोल, लाकडी पट्ट्यांचा मरिंबा, सगळं. मी मंडळाचा चिटणीस. पगार नाही, मान बेताचा, कटकट मात्र रोजची. पण मला सांगायचंय ते आमच्या अध्यक्षीणबाईंचं, सिफातिसिवे लुंगांचं. वस्ती त्यांना मालुंगा म्हणते. पोरं गोगो म्हणतात, आजी.

मालुंगांनी सव्वीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवली. पांढरी माझदा, तिच्या छपरावर पाटी, डाव्या सीटवर मालुंगा. अर्ध्या बुलावायोनं त्यांच्या शेजारी बसून परीक्षेच्या मैदानात मांडलेल्या पिंपांमधून गाडी मागे घेतली आहे आणि त्यांची बोलणी खाल्ली आहेत. “आरसा कशाला दिलाय? भांग पाडायला?” मीही खाल्ली आहेत. दुसऱ्या खेपेला पास झालो, तर म्हणाल्या, “एल्फस, परीक्षा घेणाऱ्याला आज घरी जायची घाई असणार.”

मंडळ त्यांनी काढलं नाही. ते काढलं वुसानं. हा वुसा त्यांच्याकडे गाडी शिकलेला, तीनदा नापास झालेला, पण नाचायला लागला की बघत राहावं असा पोरगा. हॉलच्या मागच्या काटेरी झाडाखाली तो पोरांना शिकवायचा. हॉल वापरायला मिळावा म्हणून मंडळाची नोंदणी करायची ठरली आणि कागदावर पाच मोठ्या माणसांची नावं हवी झाली. तो मालुंगांच्या फाटकाशी येऊन उभा राहिला.

“गोगो, नुसती सही हवी. वर्षाला दोन बैठका, बस्स.”

“मला गाता येत नाही रे. चर्चमध्ये मला सांगून ठेवलंय, तू नुसते ओठ हलव.”

“गायला पोरं आहेत की. ती दंगा करायला लागली तर गप्प करणारं कुणीतरी हवंय.”

मालुंगांनी सही केली. आठ महिन्यांनी वुसा जोहान्सबर्गला गेला तो गेलाच. वर्षाच्या दोन बैठकांच्या आठवड्याला दोन झाल्या.

सोडून देता आलं असतं त्यांना. एकदा मी विचारलंही. त्या खुर्चीत बसल्या होत्या, मी त्यांचे केस बारीक करत होतो. म्हणाल्या, “सव्वीस वर्षं मी याच रस्त्यांवरून फिरले. सकाळी मोरीच्या कठड्यावर जी पोरं बसलेली दिसायची, तीच संध्याकाळी तिथेच. त्यातली जी माझ्याकडे शिकली, ती परवाना घेऊन सीमेपलीकडे गेली. माझा स्वतःचा मुलगासुद्धा. लोकांना जायला शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, एल्फस. आता थोडं थांबायला शिकवून बघते.” मग आरशात पाहून म्हणाल्या, “डाव्या कानामागे राहिलंय.”

पहिल्याच वर्षी प्रयोग चालू असताना चार दारुडे हॉलात घुसले, एकानं ढोल लाथेनं फोडला, एका मुलीचा हात ओढला. त्या दिवसापासून मालुंगा दारात उभ्या राहू लागल्या. ऑगस्टचा वार्षिक कार्यक्रम असो की शनिवारची तालीम, करडा कोट घालून, किल्ल्यांचा जुडगा मुठीत धरून, तोंड रस्त्याकडे. एकही दारुडा परत आत आला नाही. कार्यक्रम संपल्यावर मी विचारायचो, “कसं झालं?” त्या म्हणायच्या, “शांततेत झालं.”

समितीत पाचजण होतो, पण बोलणारे तीनच. मालुंगा, मी आणि उपाध्यक्ष गासेला सर. सर शाळेचे मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालेले. उन्हाळ्यातही टाय. माणूस सज्जन, मरिंबा बिघडला तर स्वतःच्या घरी नेऊन पट्ट्या घासून आणायचे. पण त्यांचं प्रत्येक वाक्य ‘मी मुख्याध्यापक होतो तेव्हा’ इथून सुरू व्हायचं आणि कुठे संपायचं ते देवाला ठाऊक.

दोन वर्षांपूर्वी, जुलैअखेर आमच्याकडची थंडी ओसरायच्या सुमाराला, नोझिफो आमच्याकडे आली. एकोणीस वर्षांची, मंडळातच वाढलेली पोर. म्हणाली, या ऑगस्टला नाटक मी लिहिलंय. समितीनं आधी एकदा बघून घ्यावं.

आम्ही हॉलात ओळीनं बसलो. मालुंगा सवयीनं दाराकडे निघाल्या होत्या, पण नोझिफो म्हणाली, “गोगो, आज बाहेर कुणी नाहीये. बसा ना.” त्या बसल्या.

नाटकाचं नाव ‘बैठक’. टेबलाभोवती पाच म्हातारे. बाहेर, बंद दाराशी, पोरं उभी. हॉलाची किल्ली कुणाकडे असावी यावर म्हाताऱ्यांची चर्चा चालू, आणि चर्चा चालू असतानाच बाहेरची पोरं हळूहळू वाकत जातात, त्यांचे केस पिकतात, शेवटी काठ्या टेकत तीही म्हातारी होतात. आत अजून मागच्या बैठकीचं इतिवृत्तच वाचून व्हायचंय.

इतिवृत्त वाचणारा मीच होतो. पेन्सिल जिभेला लावून लिहिणारा, आणि स्वतःचं अक्षर स्वतःलाच न लागणारा. मी खो खो हसलो. मग बेकी नावाचा उंच, काटकुळा पोरगा टाय सारखा करत उभा राहिला. तो म्हणायचा, “मी मुख्याध्यापक होतो तेव्हा...” की बाहेरचं एक पोर धाडकन म्हातारं होऊन पडायचं. हे चारदा झालं. गासेला सरांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

आणि मालुंगा. एक ठेंगणी मुलगी करडा कोट घालून टेबलाच्या टोकाला बसलेली. कुणी जरा भराभर बोलू लागलं की टेबलाखाली तिचा डावा पाय खाडकन जमिनीवर दाबला जायचा, जणू ब्रेक. मी चमकलो. अकरा वर्षं मी त्या बाईशेजारी बसत होतो, दर बैठकीला तो आवाज ऐकत होतो, पण तो कशाचा हे कधी मनात आलं नव्हतं. मालुंगांनी खाली आपल्या पायाकडे पाहिलं. तो दाबलेलाच होता. त्यासुद्धा हसल्या.

पण पुढे एक वाक्य आलं. नाटकातलं एक पोर, आता पार म्हातारं झालेलं, आत येऊन करड्या कोटातल्या बाईला विचारतं, “गोगो, आमचा नाच कसा वाटला?” ती म्हणते, “नाच होता का? माझं लक्ष कुलपाकडे होतं.”

कुणी हसलं नाही. मालुंगा उठल्या, कोट सारखा केला, “उशीर झाला,” म्हणाल्या आणि निघून गेल्या.

त्यांच्या मागे गासेला सर उठले. “ही पोरं आपल्याच पंखाखाली वाढली आणि आपल्यालाच चावली,” ते मला म्हणाले. “एल्फस, लिहून घे. एक तर हे नाटक राहील, नाही तर मी.”

तीन दिवस मालुंगा फिरकल्या नाहीत. चौथ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. मागच्या अंगणात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या.

“सर राजीनामा देतायत,” मी म्हणालो.

“देऊ दे.”

“नाटक थांबवायचं का?”

त्यांनी मूठभर दाणे टोपलीत टाकले. मग म्हणाल्या, “ती पोर खोटं बोलली असती तर मी तिचा कान धरला असता. अकरा वर्षांत मी एकही नाच पूर्ण पाहिला नाही. दारुडे काय, पहिली दोन वर्षं आले असते. पुढे मी तिथे का उभी राहिले, सांगू? आत बसले असते तर कुणीतरी विचारलं असतं, कसा वाटला. मला त्यातलं काय कळतं? दाराला कुणी काही विचारत नाही.”

मीही शेंगा फोडायला घेतल्या.

“चल,” त्या एकदम म्हणाल्या. “तिचं घर दाखव.”

नोझिफो आईसोबत अंगणात कपडे वाळत घालत होती. आम्हाला पाहून तिच्या हातातला ओला टॉवेल खाली पडला. आईनं खुर्च्या मांडल्या, चहा टाकला, आणि कुणी काही बोलायच्या आत लेकीला फैलावर घेतलं, “माफी माग गोगोची! थोरामोठ्यांची नक्कल करतेस?”

नोझिफोचे डोळे भरून आले. “मी ते वाक्य काढून टाकते, गोगो. सगळं नाटकच काढते.”

“काढू नकोस,” मालुंगा म्हणाल्या. “मला एवढंच सांग, ते लिहिलंस तेव्हा माझा राग आला होता?”

नोझिफोनं मान हलवली. “राग नाही. मी बारा वर्षांची होते तेव्हा पहिल्यांदा एकटी नाचले. नाचून झाल्यावर सगळ्यात आधी तुमच्याकडे धावत आले. तुम्ही म्हणालात, ‘कोट घाल, बाहेर गारठा आहे.’ मला वाटलं, मी वाईट नाचले असणार.”

मालुंगांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, “मी पाहिलंच नव्हतं, बाळा. चांगली नाचलीस की वाईट, मला ठाऊकच नव्हतं. तेवढं सांगायलासुद्धा लाज वाटली.”

आईनं ॲप्रन डोळ्यांना लावला. मी चहा पिऊन टाकला, साखर ढवळायची राहिली होती.

निघताना मालुंगा फाटकाशी थांबल्या. “आणि त्या ठेंगणीला सांग, ब्रेक डाव्या पायानं दाबत नाहीत. उद्या माझ्याकडे पाठव, दाखवते.”

गासेला सरांची समजूत घालायला मालुंगा स्वतः गेल्या. तासाभरानं परत आल्या. “म्हातारा ऐकत नाही,” म्हणाल्या. “टाय घालूनच दार उघडलं आणि टाय घालूनच लावून घेतलं.” राजीनामा आला. अक्षर मोत्यासारखं, चूक एकही नाही.

ऑगस्टच्या त्या शनिवारी हॉलात पाय ठेवायला जागा नव्हती. दारात मंडळाचीच दोन मोठी मुलं उभी केली होती. मालुंगा पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी. पहिला अर्धा तास त्या दर मिनिटाला मान वळवून दाराकडे बघत होत्या. मी कोपर मारलं, “पुढे बघा की.” ढोल सुरू झाले आणि त्यांची मान वळायची थांबली. ‘बैठक’ला वस्ती पोट धरधरून हसली. ते वाक्य आलं तेव्हा हॉल चिडीचूप झाला, सगळ्यांच्या नजरा पहिल्या रांगेकडे. मालुंगा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “खरंय गं!” आणि जो हशा पिकला, त्यात पुढची चार वाक्यं वाहून गेली.

शेवटी नोझिफो एकटी नाचली. ती घामाघूम, धापा टाकत खाली आली आणि मालुंगांसमोर उभी राहिली. विचारलं काहीच नाही.

“मला त्यातलं कळत नाही,” मालुंगा म्हणाल्या. “पण तू गिरकी घेऊन मध्येच थांबलीस ना, तेव्हा माझाही श्वास थांबला. ते असंच असतं का?”

“असंच असतं, गोगो.”

त्या वर्षअखेर समितीत दोन जागा पंचविशीच्या आतल्यांना द्यायचं ठरलं. त्याच्या पुढच्या वर्षी मालुंगांनी अध्यक्षपद सोडलं आणि नोझिफोचं नाव सुचवलं. मी अजून चिटणीस आहे. पेन्सिल आता जिभेला लावत नाही, बॉलपेन घेतलंय.

या जूनमध्ये गासेला सरांची बायको गेली. पुरण्याच्या दिवशी त्यांच्या अंगणात दुपारी माणसं जमली, पण मयताची गाणी उचलून धरणारं कुणी नव्हतं. सरांची मुलं परदेशात, शेजारपाजार म्हातारा. तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आला. नोझिफोच्या मागे मंडळाची तीसेक पोरं, ढोलाशिवाय, नुसत्या गळ्यानं गात फाटकातून आत आली. कुणी बोलावलं नव्हतं. तिन्हीसांज होईपर्यंत ती गात होती. पोरींनी भांडी घासली, पोरांनी कबरीच्या कामाची फावडी उचलली.

सर खुर्चीत बसून होते. मालुंगा त्यांच्या शेजारी. कितीतरी वेळानं सरांनी बोट दाखवलं. “तो उंच पोरगा. माझी नक्कल करायचा तोच ना?”

“तोच. बेकी.”

“फार वाळलाय. घरी जेवायला मिळतं का त्याला?”

“मला काय विचारता?” मालुंगा म्हणाल्या. “त्यालाच विचारा की.”

सरांनी हात केला. बेकी फावडं टेकवून ठेवून घाबरत घाबरत आला आणि रिवाजाप्रमाणे त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसला. सरांनी त्याला उठवून शेजारची खुर्ची दाखवली आणि आत मक्याच्या पिठाची घट्ट उकड ढवळणाऱ्या बाईला हाक मारली, “याला इसित्श्वाला वाढ गं. मांस जरा जास्त घाल.”