खिशातली घंटी

इनास तुस्कानो सायकलला कुलूप घालायचा आणि मग हँडलवरची घंटी सोडवून सदऱ्याच्या खिशात टाकायचा. मनामाच्या गुदैबिया भागात घंट्या चोरीला जातात, असं त्याचं म्हणणं. जातही असतील. पण त्या घंटीचा खरा उपयोग तो बैठकीत करायचा. समोरचा माणूस खोटं बोलतोय किंवा नुसतंच गोड बोलतोय असं वाटलं, की त्याचा हात खिशात जायचा आणि ट्रिंग वाजायचं. एकदाच. वाजवल्यावर तो बोलणाऱ्याकडे बघायचाही नाही, छताकडे बघत बसायचा. पहिल्या बैठकीत मी पाच मिनिटं बोललो, तेवढ्यात त्याने ती चार वेळा वाजवली. तेव्हापासून तो माणूस मला आवडला नाही. आजही आवडतो असं म्हणणार नाही.

आमचा बहरीनमध्ये, मनामातल्या मराठी लोकांचा सायकल ग्रुप होता. कोणी बँकेत, कोणी ऑडिटमध्ये, मी एका कन्सल्टंटकडे इंजिनियर. शुक्रवारची सुट्टी असायची, म्हणून शुक्रवारी पहाटे हेल्मेट चढवून समुद्राकाठी तीसेक किलोमीटर जायचं आणि येताना गुदैबियातल्या उडप्याकडे इडली-वडा खायचा. राजवाडे आमचे अध्यक्ष. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, बोलायला साखरेसारखे. गाड्यांच्या या शहरात सायकलवाल्यांना जागा मिळवून द्यायची ही कल्पना त्यांचीच. आम्ही उडप्याच्या भिंतीवर कागद चिकटवला, ‘चला, शहर सायकलस्नेही करू या’, आणि वरच्या हॉलमध्ये बैठक बोलावली. त्या कागदामुळे तुस्कानो आला.

तो वसईचा. मीना सलमान बंदरात जहाजदुरुस्तीच्या एका वर्कशॉपमध्ये फोरमन होता. गुदैबियातल्या खोलीतून रोज सायकलनेच कामावर जायचा, आणि तेही आमच्यातल्या निम्म्या लोकांनी बहरीन पाहिलंही नव्हतं तेव्हापासून. साठीला आलेला, कोरडा, मनगटं मात्र पान्यासारखी. मी अदबीने म्हणालो, “या अंकल, बसा.”

“मी कोणाचा अंकल नाय. तुस्कानो म्हण,” तो म्हणाला. मग भिंतीवरून काढून आणलेला आमचा कागद त्याने टेबलावर ठेवला. “स्नेही म्हणजे कोणाशी स्नेही? तुमच्या त्या शुक्रवारच्या घोड्यांशी, की कामावर जाणाऱ्या सायकलींशी?”

राजवाडे म्हणाले, “आपण सगळे एकच आहोत हो.” ट्रिंग.

दर गुरुवारी संध्याकाळी तो आपल्या बिल्डिंगखाली बोळात पाने मांडून बसायचा. मीना सलमानच्या गोदामांत आणि वर्कशॉपमध्ये काम करणारी माणसं, बंगाली, नेपाळी, आंध्रची, सायकली घेऊन यायची. ब्रेक, चेन, पंक्चर, सगळं फुकट करून द्यायचा, पण त्याबरोबर शिव्या खाव्या लागायच्या. “ब्रेक मफी, लाइट मफी, उद्या तूही मफी! फिर तेरी बीवी को मैं फोन करूँ?” मफी म्हणजे तिकडच्या अरबीत ‘नाही’. असं ओरडत तो प्रत्येकाच्या मागच्या मडगार्डवर लाल चमकती पट्टी चिकटवायचा. नको म्हणणाऱ्याच्या चाकातली हवा सोडायचा. हे मी ऐकून होतो, आणि ऐकताना मला हसूही आलं होतं. मग एका शुक्रवारी माझी पाळी आली. माझ्या सायकलला मागे दिवा नव्हता, वजन वाढतं म्हणून मी काढला होता. इडली खाऊन खाली उतरलो तर दोन्ही चाकं बसलेली, आणि तुस्कानो शेजारच्या पायरीवर चहा पीत बसलेला.

“पंप द्या,” मी म्हणालो.

“दिवा लाव, मग पंप.”

“हा काय उद्धटपणा आहे?”

“तुझ्या आईला सांग उद्धटपणा. मेलेल्या पोराच्या आईला फोन केलाय कधी? मी केलाय. दोनदा.” आणि तो चहा प्यायला लागला.

भर ऑगस्टच्या उन्हात मी सायकल ढकलत घरी गेलो. बायको म्हणाली, “चूक तुझीच आहे ना पण?” त्यावर मी जेवलो नाही. तो राग मी जपून ठेवला, हे कबूल केलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या रागातून झालं.

गुदैबियाकडून मीना सलमानकडे जाताना एक रुंद रस्ता ओलांडावा लागतो. त्याच्या दुभाजकात एके ठिकाणी हातभर रुंदीची मोकळी जागा होती. आम्ही मराठी लोक तिला खिंड म्हणायचो. कामावर जाणारे सायकलवाले तिथून पलीकडे जायचे. गाड्या भरधाव यायच्या, त्यामुळे जागा धोक्याची होती यात वाद नाही. रस्त्याचं काम बघणाऱ्या खात्याने आमच्या अर्जावर विचारलं, की समुद्राकाठी सायकलची वाट हवी की या खिंडीपाशी सिग्नल? दोन्ही एकदम होणार नाही. कुठे किती सायकली असतात ते मोजून द्या. खिंडीवरून किरकोळच जात असतील तर ती बंदच करू.

राजवाड्यांना समुद्राकाठची वाट हवी होती. आम्हा सगळ्यांनाच हवी होती. तुस्कानोला फक्त खिंड हवी होती, सिग्नलसकट. “तुम्ही समुद्र बघायला जाता. आम्ही हजेरी लावायला जातो,” तो म्हणाला.

मोजणी माझ्याकडे आली. मी इंजिनियर, माझ्या सहीला वजन. सगळ्यांना सवड शुक्रवारी, म्हणून शुक्रवारी पहाटे दोघे समुद्राकाठी बसले आणि मी घडीची खुर्ची, थर्मास आणि तक्ता घेऊन खिंडीपाशी. पाच ते सात. इतक्या पहाटे उठून समाजकार्य करतो याचा मला अभिमान वाटत होता. सायकली बोटांवर मोजण्याइतक्या आल्या. त्यांतला एक तुस्कानो, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात, चर्चला निघालेला. शुक्रवारी तिथे चर्चलाही गर्दी असते, कारण सुट्टी तेव्हाच. त्याने एक पाय जमिनीवर टेकवला.

“काय मोजतोस?”

“सायकली.”

“आज? आज कोण कामावर जातो? सगळे झोपलेत. रविवारी ये, बसायला जागा मिळणार नाय तुला.”

“ठरलंय तसं मोजतोय,” मी म्हणालो, आणि त्याच्यादेखत तक्त्यावर त्याच्या नावाची एक रेघ ओढली. तो चर्चहून परतला तेव्हा दुसरी ओढली.

अहवालाच्या बैठकीला तो रंगाचा एक रिकामा डबा घेऊन आला. माझं वाचून झालं तसा तो उठला आणि त्याने डबा टेबलावर उपडा केला. नट होते. वर्कशॉपमधले गंजके, टाकाऊ नट, टेबलभर पसरले, काही राजवाड्यांच्या मांडीवर पडले. रविवारी शिफ्टच्या आधी तो खिंडीपाशी उभा राहिला होता आणि एक सायकल गेली की एक नट डब्यात, असं त्याने मोजलं होतं. “मोज,” तो मला म्हणाला.

मी म्हणालो, “याला डेटा म्हणत नाहीत, तुस्कानो. यात वेळ नाही, पद्धत नाही.”

“तुझ्या कागदात वेळ आहे. वार कुठाय?”

वार नव्हता. तक्त्यात त्याला रकाना होता, तो मी टाईप करताना गाळला होता. हॉलमध्ये सगळे माझ्याकडे बघायला लागले. एवढंच म्हणायचं होतं, की बरोबर आहे, शुक्रवार होता, परत मोजू. एका रविवारी ऑफिसला तासभर उशीर झाला असता, बास. पण टेबलावर नट पडलेले होते आणि पायरीवर चहा पिणारा तो चेहरा समोर होता. त्याचं म्हणणं बरोबर ठरू नये, एवढंच मला वाटत होतं. मी म्हणालो, “वाराने फारसा फरक पडत नाही.”

घंटी वाजली. या वेळी तो छताकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. “वार मफी, तर मोजणीपण मफी,” तो म्हणाला, आणि एकेक नट वेचून डब्यात भरायला लागला. कोणी मदत केली नाही. राजवाडे पुढच्या विषयाकडे वळले.

समुद्राकाठची वाट मंजूर झाली. उद्घाटनाला आम्ही एकसारखे टीशर्ट घातले. खिंडीत सिमेंटचे ठोकळे बसले, कमरेइतके. लांबचा वळसा घ्यायचा तर अर्धा तास आधी निघावं लागे, म्हणून लोक ठोकळ्यांवरून सायकल उचलून पलीकडे टाकू लागले, स्वतः उड्या मारू लागले. मी गाडीतून ऑफिसला जाताना हे बघायचो आणि रेडिओचा आवाज वाढवायचो.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात, हवा घामट आणि सगळं ओलसर असताना, तुस्कानोचा पाय त्या ठोकळ्यावरून घसरला. सायकल एकीकडे पडली आणि तो रस्त्याच्या बाजूला. पिकअपवाल्याने ब्रेक मारला म्हणून जीव वाचला, पण खुबा मोडला. कंपनीने सांगितलं, बरा झालास की घरी जा, या वयात आता व्हिसा पुढे वाढणार नाही.

मी सफरचंदं घेऊन हॉस्पिटलात गेलो. का गेलो ते मला माहीत आहे. त्याने ‘जाऊ दे रे’ म्हणावं, म्हणून गेलो होतो. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. उशीजवळ पाकीट, चष्मा आणि ती घंटी.

“कसं वाटतंय?” मी विचारलं.

“खुबा मोडल्यासारखं.”

मी स्टुलावर बसलो. मनाशी घोकून आणलेलं बोलायला लागलो. “तुस्कानो, ते मोजणीचं फार वाईट वाटतं मला. त्या दिवशी शुक्रवार आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही.”

त्याने हात मागे नेला, चाचपून घंटी शोधली आणि वाजवली. ट्रिंग. वॉर्डातल्या शेजारच्या माणसाने मान वर केली.

मला संताप आला. खाटेला खिळलेल्या माणसाचा इतका संताप मला कधी आला नव्हता. “ठीक आहे!” मी म्हणालो. “होतं लक्षात. तुम्ही सांगितलं होतं. वार मी मुद्दाम गाळला. तुमचं खरं ठरू नये म्हणून गाळला. आता झालं समाधान?”

घंटी गप्प होती. तो भिंतीशीच बोलल्यासारखा म्हणाला, “मला कशाला सांगतोस? मी तर चाललो. ज्यांना कागद दिलास त्यांना सांग. लिहून दे. सही कर, तुझ्या सहीला लय वजन ना!” आणि मग, “ती सफरचंदं घेऊन जा. मला दात नायत.”

मी लिहून दिलं. सोपं नव्हतं. खोट्या मोजणीवर सही केली असं लिहून देणाऱ्या इंजिनियरला ऑफिसात काय ऐकावं लागतं ते मी ऐकलं. राजवाड्यांनी फोन करून साखरेच्या आवाजात विचारलं, की गरज होती का याची, आणि फोन ठेवल्यावर मला ग्रुपमधून काढून टाकलं. खात्यातला अधिकारी पत्र वाचून नुसता “इंशाल्ला” म्हणाला, तेव्हा वाटलं सगळं खलास. पण त्याने माणसं पाठवली, आणि रविवारी पाठवली. मीही त्यांच्याबरोबर उभा राहिलो. झुंजुमुंजू झालं आणि गुदैबियाच्या गल्ल्यांतून सायकली यायला लागल्या. कॅरिअरला डबे, खांद्यावर कामाचे बूट, मागच्या मडगार्डवर लाल पट्टी. येतच राहिल्या. तक्ता भरून गेला आणि मी पाठीमागे लिहायला लागलो. ठोकळ्यापाशी आला की प्रत्येक जण खाली उतरून सायकल छातीपर्यंत उचलायचा. त्या सकाळी मला माझी जेवढी लाज वाटली तेवढी त्याच्या कुठल्याच शिवीने वाटली नव्हती.

तोवर तुस्कानो वसईला गेला होता. निरोप घ्यायला मला बोलावलं नव्हतं, आणि ते योग्यच होतं.

ठोकळे निघायला पुढचा उन्हाळा उजाडला. आता तिथे रुंद खिंड आहे, उतार आहे, सायकलचं चित्र असलेला सिग्नल आहे. पहिल्या दिवशी मी फोटो काढला आणि तुस्कानोला पाठवला. खाली लिहिलं, ‘आपल्या सगळ्यांच्या प्रयत्नांना यश आलं.’

थोड्या वेळाने त्याच्याकडून आवाजाचा निरोप आला. दोन सेकंदांचा. उघडायच्या आधीच मला कळलं होतं, तरी उघडला. ट्रिंग.

मी रस्त्याच्या कडेला उभा राहून पुन्हा लिहिलं, ‘मी शुक्रवारी मोजलं. तुम्ही रविवारी मोजलंत.’

दोन निळ्या खुणा आल्या. मी सिग्नल तीनदा बदलेपर्यंत वाट पाहिली. घंटी वाजली नाही.