लॉगिनच्या आधी

बाबा काय ते सकाळीच शुद्धीवर असायचे. वाशीच्या हॉस्पिटलात नर्सनं अंग पुसून दिलं की थोडा वेळ नीट बोलायचे, मग इंजेक्शन आणि दिवसभर गुंगी. आणि नेमकी सकाळी मी तुर्भ्याच्या ऑफिसात एका कॉम्प्युटरसमोर बसलेली असायचे. का, तर त्याचा पासवर्ड माझ्याकडे होता.

आमचं ऑफिस ट्रान्स्पोर्टचं. मी लिहिलेला प्रोग्राम रोज सकाळी फोर्टातल्या मुख्य ऑफिसातून मोडेमवर कंटेनरची माहिती आणायचा आणि ड्रायव्हरांच्या चिठ्ठ्या छापायचा. चिठ्ठी नसेल तर ट्रेलर न्हावा शेव्याकडे हलायचा नाही. आग लागेल या धास्तीनं साहेब रोज संध्याकाळी मेन स्विच बंद करायला लावायचे, त्यामुळे सकाळी मशीन नव्यानं चालू करायचं, लॉगिन करायचं, प्रोग्राम उघडायचा. पासवर्ड दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही, हाही साहेबांचाच नियम. म्हणजे सगळं फिरून माझ्याच गळ्यात.

शेवटी ठरवलं, प्रोग्रामची 'सर्व्हिस' बनवायची, म्हणजे पडद्याआड आपोआप चालणारा प्रोग्राम. कुणी लॉगिन करो न करो, मशीन चालू झालं की तो आतल्या आत चालू होणार. शिपाईकाकांनी नुसतं बटण दाबायचं. साहेबांना बाबांचं सांगितलं. ते म्हणाले, "चाललं तर दुपारी या. पण चाललं पाहिजे हं."

रविवारी एकटीच ऑफिसात बसले. मशीन बंद करून चालू केलं आणि बघायला म्हणून लॉगिन केलं. शनिवारच्याच चिठ्ठ्या भराभर छापून बाहेर आल्या. मला चक्क रडू आलं.

सोमवारी सकाळी बाबांच्या खाटेशी बसले.

"आज ऑफिस नाही?" त्यांनी विचारलं.

"दुपारी जायचंय. मशीन आता आपलं आपण चालू होतं."

बाबा जन्मभर कारखान्यात फिटर होते. त्यांनी शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना उठवून माझी फुशारकी मारली. मग माझ्याकडे वळले. "कसं केलंस? पहिल्यापासून सांग." मी सांगायला लागले. ते मध्येमध्ये अडवून विचारत होते, इतकं खूश मी त्यांना कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. तेवढ्यात काउंटरवर माझ्यासाठी फोन आला. शिपाईकाका होते.

"ताई, मशीन चालू हाय, पन कागद एक येत नाय. गाड्या रस्त्यावर लागल्यात. साहेब बोलतात, आत्ताच्या आत्ता या."

"आलेच," असं बाबांना सांगून रिक्षा पकडली.

लॉगिन केलं तर समोर चौकट उभी. 'प्रिंटरला कागद लावला का?' खाली 'हो' आणि 'नाही'. छापील कागद वाया जाऊ नयेत म्हणून साहेबांनी हट्टानं घालायला लावलेला प्रश्न. रविवारी तो समोर आला तेव्हा रोजच्या सवयीनं मी 'हो' दाबून मोकळी झाले असणार, मला आठवतही नव्हतं. आज कुणी लॉगिनच केलं नव्हतं. जिथे कुणाला दिसणार नाही अशा पडद्यावर तो प्रश्न सकाळपासून उत्तराची वाट बघत होता. मी 'हो' दाबलं. प्रिंटर करकरायला लागला आणि मला तो उचलून खिडकीबाहेर फेकावासा वाटला.

त्याच दुपारी तो प्रश्न काढून टाकला. एका ओळीचं काम. मंगळवारपासून प्रोग्राम बिनबोभाट आपोआप चालू लागला. पण साहेबांचा विश्वास उडाला तो उडालाच.

"मॅडम, आपोआप ठीक आहे, पण सकाळी तुम्ही समोर पाहिजे. उगाच टेन्शन नको."

"साहेब, माझे वडील फक्त सकाळीच..."

"संध्याकाळी भेटा ना त्यांना. आम्ही कुठे नाही म्हणतो?"

नोकरी सोडावी तर हॉस्पिटल त्याच पगारावर चाललं होतं. मग रोज सकाळी मी, माझी काहीही गरज नसलेल्या मशीनसमोर हात बांधून बसायला लागले. संध्याकाळी बाबांच्या कानाशी वाकून उरलेली हकिगत सांगायचे. चौकटीचं सांगितलं, 'हो'चं सांगितलं. त्यांचा श्वास तेवढा ऐकू यायचा. मला हसावं की स्वतःचं डोकं आपटून घ्यावं, कळायचं नाही.

एका सकाळी हॉस्पिटलातून फोन आला. शिपाईकाकांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला. बाबा गेले होते. तोवर चिठ्ठ्या छापून झाल्या होत्या, ड्रायव्हर त्या घेऊन गेलेही होते. मी आल्यापासून कीबोर्डला बोटसुद्धा लावलं नव्हतं.