तिसऱ्या प्रश्नाला हो

आम्ही शहापूर सोडलं त्या सकाळी गल्लीत एकही हातमाग वाजत नव्हता. सण नव्हता, सुतक नव्हतं. टांग्यात ट्रंक चढवताना यांनी दोन्ही बाजूंच्या दारांकडे एकदा बघितलं आणि मला म्हणाले, "चल, बस. गाडीची वेळ व्हतीय." सगळे आपापल्या मागाशी बसून आमच्या टांग्याचा आवाज ऐकत असणार, असं मला आजही वाटतं. आक्का, तू माझी सख्खी थोरली बहीण, चार घरं पलीकडे दिलेली. तू तरी बाहेर येशील असं वाटलं होतं. तुझंही दार लावलेलं होतं.

बाहेर होती ती एकटी सत्यव्वा. खालच्या वस्तीतली, आम्हाला जळण आणून द्यायची. ती टांग्याबरोबर संस्थानच्या हद्दीपर्यंत चालत आली. शहापूर तेव्हा संस्थानात आणि बेळगाव इंग्रजांच्या मुलखात. तिथं थांबून तिनं विचारलं, "कुठं निघालाय, वैनी?"

"सोलापूरला. गिरणीत काम मिळतंय म्हणं."

"तिथं पानी हाय न्हवं?"

मी मान हलवली. खरं तर मला काहीच ठाऊक नव्हतं.

त्याला बरीच वर्षं झाली. आता माझ्या बोलण्यात भोंगा, पाळी, खातं हे शब्द घरचे झालेत. चाळीत शेजारीण तेलुगू, समोरची कानडी. तिघी मिळून जे काय बोलतो ते शहापुरात कुणाला कळणार नाही. तिघींच्या घागरी नळाखाली एकापाठोपाठ लागतात. आधी कोण यावरून भांडणं होतात, कोण कुठली यावरून नाही. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी घागर भरायची विसरून उभी राहिले.

गाव का सोडलं ते माझ्या मुलांनाही नीट ठाऊक नाही. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आम्ही दोघी मुलीच. आक्का सासरी गेली, माझ्यासाठी घरजावई आणला आणि आप्पांनी घर माझ्या नावावर केलं. म्हणाले होते, "घरपट्टीची पावती तुझ्या नावानं येनार. उद्या कुनी इचारलं तर घर माझं हाय म्हनून सांगायचं." कोण कशाला विचारतंय, असं तेव्हा वाटलं होतं.

पण विचारलं. संस्थानात लोकांना थोडे हक्क देण्याची भाषा सुरू होती, आणि आमच्या पेठेत पट्टी भरणाऱ्यांचा कौल घ्यायचं ठरलं. प्रश्न तीन. दारूचं दुकान बंद करावं का? मुलींच्या शाळेसाठी जादा पट्टी द्यावी का? आणि गल्लीतली विहीर सगळ्यांना मोकळी करावी का? ज्याच्या नावावर पट्टी, त्यानं चावडीवर येऊन तोंडानं सांगायचं.

हे स्वराज्य मागणाऱ्या पक्षाच्या गावातल्या शाखेचे चिटणीस होते. माग सुटला की पक्षाची टोपी घालून घरोघरी जायचे. तीनही प्रश्नांना हो म्हणा, असं सांगत फिरले. मला अक्षर शिकवलं तेही यांनीच, पक्षाच्या वर्गात. मग एके दिवशी बेळगावहून पुढारी आले आणि देवळाच्या ओवरीत बैठक झाली. हे घरी आले ते जेवायला बसेचनात.

"तिसऱ्यावर पक्षाचं मत न्हाय," म्हणाले. "तटस्थ ऱ्हायचं ठरलंय. ज्यानं त्यानं आपल्या मनाप्रमानं."

"तटस्थ म्हंजे?"

"काठावर उभं ऱ्हायचं."

विहीर मोकळी करा म्हटलं तर निम्मी शाखा सोडून जाईल आणि पहिले दोन प्रश्नही हातचे जातील, असा पुढाऱ्यांचा हिशेब होता. तो खोटाही नव्हता. पण मी रोज त्या विहिरीवर जात होते. सत्यव्वा काठापासून लांब, उन्हात घागर ठेवून उभी असायची. कुणाला दया आली तर तिच्या घागरीत पाणी ओतायचं. एकदा मी ओतत असताना आक्काची सासू म्हणाली, "बास गं, सवय लागंल." सत्यव्वा हसली होती. ते हसणं मला रात्री जेवताना आठवायचं.

"मग मी काय सांगू?" मी यांना विचारलं.

यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली. मग म्हणाले, "तू जाऊच नको. बरं न्हाय म्हनून सांगतो."

मी गेले. चावडीवर बायकांत मी एकटी, पदर सावरून उभी. कारकुनानं माझं नाव मोठ्यानं पुकारलं. पहिल्याला हो म्हटलं, दुसऱ्याला हो म्हटलं. तिसरा प्रश्न वाचल्यावर कारकुनानं वर बघितलं. भिंतीपाशी आमची सगळी गल्ली उभी होती, तिच्यात हेही होते. मी हो म्हटलं.

दारूचं दुकान बंद झालं. शाळा झाली. विहीर होती तशीच राहिली. हो म्हणणारी आम्ही अगदी थोडी माणसं निघालो. पक्षानं विजयाची सभा घेऊन पुढाऱ्यांना हार घातले आणि पुढच्या बैठकीत यांच्या जागी दुसरा चिटणीस नेमला.

आम्हाला कुणी शिवी दिली नाही की दगड मारला नाही. फक्त पाजणीला कुणी येईना. ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, सूत मागावर चढवायच्या आधी रस्त्यावर लांबच लांब ताणून त्याला खळ पाजावी लागते. ते एका घराचं काम नव्हे. सकाळच्या गारव्यात शेजारी येतात, कुणी ताण धरतं, कुणी कुंचा फिरवतं, कुणी तुटलेले धागे सांधतं. त्या दिवशी आम्ही दोघांनीच सूत ताणलं. माणसं बाजूनं वाट काढून जात होती. उन्हं चढली, खळ वाळली, धागे तुटत गेले. दुसऱ्यांदाही तेच झालं. आक्काचे यजमान म्हणजे आमचे दाजी. ते आमच्या लग्नापासून यांच्याबरोबर पाजणीला उभे राहिलेले. तेही खाली मान घालून गेले. त्या संध्याकाळी यांनी माग सोडवायला घेतला.

सोलापुरात यांना काम मिळालं ते गिरणीच्या सायझिंग खात्यात. पाजणीच ती, पण यंत्राची. पहिल्या दिवशी घरी आल्यावर म्हणाले, "एका अंगानं सूत आत जातंय, दुसऱ्या अंगानं वाळून भाईर येतंय. कुनाला हाक मारायला लागत न्हाय." मला दोष त्यांनी कधी दिला नाही. टोपी मात्र पुन्हा घातली नाही, आणि सभेचा आवाज आला की खिडकी लावून घ्यायचे.

शेवटच्या तापात ते मनानं शहापुरातच होते. "दाजी, ताण ढिला पडलाय, धरा की," असं म्हणत राहिले. गल्लीतल्या एकेकाला नावानं बोलावत होते. ज्यांनी पाठ फिरवली त्यांनाच. मी पायाशी बसून होते. त्या नावांत माझं नाव आलं नाही.

आक्का, तू यांच्या दिवसकार्याला आलीस तेव्हा हे तुला सांगता आलं नाही. तूच सांगत होतीस. संस्थानचा हुकूम निघून विहीर सगळ्यांना मोकळी झाली. मग गल्लीनं तिचं पाणी भरणं सोडलं, घरोघरी आड खणले. आता विहिरीवर शेवाळ धरलंय. सत्यव्वा हुकूम निघायच्या आधीच वारली. एवढं सांगून तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "परत ये गं. आता कोन काय म्हनत न्हाय."

मी आले नाही. घर तर तेव्हाच विकलं होतं.

यंदा स्वातंत्र्य आलं. गिरणीवर झेंडा लागला, पेढे वाटले, यांच्या जुन्या पक्षाचे लोक भाषण करून गेले. आता सगळ्यांना मत मिळणार, बायकांनासुद्धा, असं ते म्हणाले. चाळीतल्या सुना हसत होत्या. मी मागं उभी राहून ऐकलं.

इथं मी भाडेकरू. इतक्या वर्षांत मला कुणी काही विचारलेलं नाही, आणि कुणी तोडलेलंही नाही. चाळीतली पोरं गाव विचारतात तेव्हा तोंडातून शहापूरच येतं. चारचौघांत नावानं हाक मारून तुमचं मत काय, असं मला फक्त तिथं विचारलं गेलं. मी सांगितलं, आणि ते तिथं कुणाला नको होतं. तरी गाव म्हणून मला दुसरं नाव सुचत नाही.